मुंबईच्या थंडीत गिअर ऑइल गोठत नाही

डिसेंबर लागला की व्हॅनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: थंडीनं गिअर ऑइल गोठतं, म्हणून गिअर जड पडतो, सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, ऑइलमध्ये थोडं रॉकेल घाला, क्लच केबलला वरून ग्रीस चोपडा. शाळेची पोरं नेणाऱ्या गाड्यांमध्येही लोक हे करतात, म्हणून लिहितोय.

ऑइल गोठत नाही. ८०डब्ल्यू-९० हा गिअर ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड; त्यातला ‘८०डब्ल्यू’ उणे २६ अंशांच्या चाचणीवरून ठरतो. सांताक्रूझचं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही १९६२ सालचं. काश्मीरच्या पहाटे गिअर खरंच जड पडेल. आपल्याकडे पहिले एक-दोन किलोमीटर किंचित जड लागेल, एवढंच.

जागेवर गाडी चालू ठेवून इंजिन तापतं, गिअरबॉक्स फारसा तापत नाही. त्यापेक्षा लगेच निघा, सावकाश चालवा, आणि पहिल्यावरून दुसरा टाकताना न्यूट्रलवर क्षणभर थांबा. गिअर जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगला (आतली पितळी कडी) वेग जुळवायला तेवढा वेळ पुरतो.

रॉकेल मात्र अजिबात नको. ऑइल पातळ झालं की दातांमधला थर टिकत नाही, लोखंडावर लोखंड घासतं. आज गिअर हलका पडेल, पुढे गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ‘भारीतलं’ म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल ओतणंही तसंच. कंपनीनं जीएल-४ सांगितलं असेल तर तेच घाला; जीएल-५ मधल्या गंधकाच्या रसायनांनी पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकते.

मुंबईत खरा घात पावसाळा करतो. गरम गिअरबॉक्स हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या-यायच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. ड्रेन प्लग खोलून बघा: ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, सगळं बदला. क्लच केबलही पावसाळ्यातच आतून गंजते. वरच्या ग्रीसनं त्यावर फक्त धूळ बसते. जड झालेली केबल बदलावीच लागते.

दोष कुठे आहे ते घरीच कळतं. हँडब्रेक लावा, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. तेव्हा सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावर अडले, रिव्हर्सला करकरले, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आधी केबलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच पेडलची सुरुवातीची मोकळी चाल, तपासा. बंद गाडीतही जड असतील तर गिअरच्या दांड्याखालची जोडणी आणि बुश बघायला सांगा.