पोरीच्या बोटांना दोष देण्याआधी तिची गिटार हातात घेऊन बघा

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते आहे. लांब होईल, पण वाचा.

खालच्या मजल्यावरची नऊ वर्षांची पोरगी तिची गिटार घेऊन माझ्याकडं आली. वाढदिवसाला ऑनलाइन मागवलेली. काळी, चकचकीत, मोठ्या माणसाच्या मापाची. सोबत बॅग, पट्टा, पिक, जादा तारा असं सगळं फुकट. मागोमाग तिची आई. म्हणाली, "बघा की वहिनी, हिला काय जमंना. सर पण म्हणत्यात, बोटात जोरच नाही. बंद करावं म्हणतोय आता." हे सगळं पोरीच्या देखत. ती खाली मान घालून उभी, बोटांच्या टोकांवर तारांचे खोल वळ.

मी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, तार दाबून बघितली. माझाच अंगठा भरून आला. मग बाराव्या फ्रेटपाशी मोजपट्टी लावली, तर तार जवळजवळ पाच मिलिमीटर वर. स्टीलच्या तारांच्या गिटारला तिथं दोन ते अडीच पुरे असतात. त्या पोरीच्या जागी कुणीही मोठा माणूस बसवा, आठवड्यात गिटार माळ्यावर टाकेल. आणि आपण नऊ वर्षांच्या जिवाला सांगतोय, तुझ्यात कला नाही.

मला माझे आप्पा आठवले. सातवीत असताना मला त्यांनी गावातल्याच एका दुकानातून गिटार आणून दिली होती. माझ्याकडूनही कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे अनेक स्वर, दाबली जाईना. शिकवणाऱ्या सरांनी निकाल दिला, हात लहान आहेत, हिला पेटी शिकवा. आप्पा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये होते. ते त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, घेऊन आले, माजघरात मांडी घालून बसले आणि तारांची उंची मोजली. मग म्हणाले, "पोरीचं काय चुकत नाही. जॉबच रिजेक्ट आहे." कारखान्याच्या भाषेत, वस्तूच सदोष आहे.

हे वाक्य प्रत्येक आईबापाला पाठ पाहिजे.

शिकणाऱ्या मुलाला भारी गिटार लागत नाही, हे मी कुठंही सांगेन. प्लायची चालते. उलट आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लायच जास्त सोसते, अखंड लाकडाची वरची पाटी ओल धरते, हलते. रंग, चकाकी, कोरलेलं नक्षीकाम यातलं काहीही वाजत नाही. बघायचं ते तार किती वर आहे, माप मुलाच्या अंगाला बसतं का आणि स्वर जागेवर राहतो का. खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं, आणि आपण घेतो तो फोटो बघून.

मापाचं तर विचारूच नका. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तशी गिटारही मोठी घेतात, "दोन वर्षांनी बसेल" म्हणून. दोन वर्षं टिकेल का ती पोर? अर्ध्या मापाची गिटार असते, पाऊण मापाची असते. साधारण पाच ते आठ वर्षांच्या मुलाला अर्धी, आठ ते अकराला पाऊण, पुढं पूर्ण मापाची. मुलाला गिटार मांडीवर घेऊन बसवा. उजवा हात खांदा न उचलता गिटारवरून पलीकडं गेला पाहिजे आणि डावा पहिल्या फ्रेटपर्यंत कोपर न ताणता पोचला पाहिजे. दुकानात हे बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि लहान मुलाला नायलॉनच्या तारांची द्या. नायलॉनवरचा ताण स्टीलच्या तारांच्या साधारण निम्मा असतो, बोटं कापत नाहीत. हो, तिची मान रुंद असते, हे खरं आहे. पण पाऊण मापाच्या गिटारमध्ये तेवढं निभतं. एक मात्र नीट ध्यानात ठेवा. नायलॉनच्या गिटारवर कुणी स्टीलच्या तारा चढवायला सांगितल्या, "आवाज मोठा येतो" म्हणून, तर तिथून उठून या. तो ताण तिला सोसत नाही, ब्रिज, म्हणजे पाटीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा, उखडून येतो.

नावं विचाराल म्हणून सांगते. यामाहाची सी ४० ही नायलॉनची, पूर्ण मापाची. त्यांच्याच सीजीएस मालिकेत १०२ अर्ध्या मापाची आणि १०३ पाऊण. मुलगा किंवा मुलगी मोठी असेल आणि स्टीलच हवी असेल तर एफ २८०. दुसऱ्या कंपन्यांच्याही चांगल्या मिळतात, माझा कुणाशी करार नाही. पण नाव कुठलंही असो, हातात घेतल्याशिवाय घेऊ नका. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, खर्र आवाज आला की बाजूला ठेवा. मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात, अगदी बरोबर यायला हवा. फोनमध्ये ट्यूनरचं फुकट ॲप असतंच, काटा तिथंच सांगतो. स्वर लावून ठेवलेली गिटार दहा मिनिटांत उतरत असेल तर खुंट्या सैल असू शकतात. बेसूर गिटारवर पोरगं काय घोटणार? बेसूरच ना?

कुणी म्हणेल, थोर थोर वादक मोडक्या गिटारवर शिकले. शिकले असतील. न शिकता सोडून दिलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवली आहेत का?

पैशाचं मला कळतं. आमच्या घरात तेव्हा पैसे नव्हतेच. दुसरी गिटार घेणं शक्य नव्हतं, म्हणून तर आप्पांनी पुढचं केलं. वर्तमानपत्राच्या कडेला पेनानं मला गणित काढून दाखवलं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मधोमध, म्हणजे तिथं तार एक मिलिमीटर खाली आणायची असेल तर शेवटाला, ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीत, दोन मिलिमीटर काढावे लागणार. गणित सुटलं, पण त्यांनी कानस उचलली नाही. म्हणाले, लोखंड मला कळतं, लाकूड नाही. रविवारी मला आणि गिटारला एसटीत घालून मिरजेला नेलं, सतारमेकर गल्लीत.

तिथले कारागीर वयस्क होते. त्यांनी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. तारा सैल केल्या, ती पट्टी काढली आणि सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून तिचा तळ घासत बसले. थोडं घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं. आयुष्यभर तानपुऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तारेखालची घोडी घासून स्वर खुलवणारा, हात तो. केसाएवढ्या फरकानं स्वर कसा उघडतो हे त्याला कुणी शिकवायला नको. मग गिटार माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाले, "वाजव." मी तीच कॉर्ड धरली. सहाच्या सहा तारा वाजल्या. आप्पा दाराशी उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाच्या पोस्ट टाकल्या. इथून पन्नासेक किलोमीटरवर ते हात आहेत. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवलं, जिथं देवल क्लब ही संगीत संस्था १८८३ पासून उभी आहे, तिथल्या पोरीला वाद्य न तपासताच "कला नाही" म्हणून घरी बसवायचं? राग येतो. खरंच राग येतो.

क्लास घेणाऱ्यांनो, तुम्हाला हात जोडून विनंती. नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी त्याची गिटार स्वतः वाजवून बघा, पहिल्या फ्रेटवर. आप्पांना सारेगमसुद्धा येत नव्हतं, तरी त्यांनी पोरीला बोलण्याआधी वाद्य मोजलं. तुम्ही तर वाजवणारे आहात. सुरुवातीला बोटं दुखतात, घट्टे पडेपर्यंत काही आठवडे दुखणारच, मान्य. पण ते दुखणं वेगळं आणि हे वेगळं, आणि तो फरक तुम्हालाच ओळखता यायला हवा.

आणि पालकांनो, नवीन जमत नसेल तर जुनी घ्या. दहा हजाराची चांगली गिटार वापरलेली निम्म्यात मिळू शकते. मानेला बाक नाही ना आणि ब्रिज पाटीपासून सुटलेला नाही ना, एवढं बघा. तारा नवीन चढवा. आपल्या दमट हवेत जुन्या तारा गंजतात आणि गंजकी तार बोट सोलते.

राजारामपुरीत, ताराबाई पार्कात कितीतरी घरांत पोरं इंजिनिअरिंगला पुण्याला गेलीत आणि त्यांच्या गिटारी कपाटावर उभ्या आहेत. लहान मापाची असेल तर फारच बरं. त्या खाली काढा, फोटो टाका, माप सांगा. मी येऊन घेऊन जाईन, तारांचा आणि घासकामाचा खर्च माझा. पहिली गिटार कुणाला द्यायची ते ठरलेलंच आहे, पण यादीत अजून चार मुलं आहेत.