काशीबाईंची आसवे आणि खिडकीजवळच्या काकू

परवा बाजीराव रस्त्यावर, भर बसमध्ये, माझा जो पाणउतारा झाला, त्याला बाजीरावाच्याच काळावरची एक कादंबरी कारणीभूत आहे. मुखपृष्ठावर नथीइतकेच टपोरे अश्रू रंगवलेले ते पुस्तक मी उघडले, तेव्हा खिडकीजवळ बसलेल्या काकूंनी आधी पुस्तकाकडे, मग माझ्या मिशांकडे पाहिले आणि कंडक्टरलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "मिसेससाठी नेताय का?"

"नाही, मीच वाचतोय."

"अगं बाई!" म्हणत त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि माझ्याबरोबरच वाचायला सुरुवात केली. मी पान उलटू लागलो की त्या ओळीवर बोट ठेवून "थांबा हो, खालचं राहिलंय," असे दटावत. काशीबाई समईच्या उजेडात रडू लागल्या, तेव्हा मात्र काकूंना जराही दया आली नाही. "हिला काय, डोळे पुसायला दासी आहेत! आम्हाला रडायचं तर दळणाचा डबा घेऊन गिरणी गाठावी लागायची, आणि तिथेही नंबर जाणार नाही अशा बेतानं. शिवाय ही त्याला काही विचारत का नाही?"

हा प्रश्न मलाही छळतो. चासच्या सावकार जोशांची ही लेक, आणि बाजीराव तर कर्जाने गांजलेला. अशा नवऱ्याला तिने एकदाही स्वारीचा हिशेब विचारू नये, हे लेखकाला पटते तरी कसे? मस्तानी आली की ही रडते आणि मस्तानी कैदेत पडली की तिच्यासाठीही हीच रडते. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले की कादंबरीही आटोपते. काशीबाई पुढे १७५८ पर्यंत जगल्या, त्यांनी मुलगा नानासाहेब पेशवा झालेला पाहिला, चासला सोमेश्वराचे देऊळ बांधले. पण बाई रडायची थांबली की लेखकांची शाई वाळते. चारशे पाने आसवांना देणाऱ्याकडे या अठरा वर्षांसाठी अर्धे पान नसावे, याचा मला खरोखर संताप येतो.

तरीही हे माझे दुसरे वाचन होते. स्वारीवर निघालेल्या रावांच्या तळहातावर दही घालताना काशीबाईंचा हात थरथरतो आणि दह्याचा एक थेंब त्यांच्या अंगरख्याच्या बाहीवर पडतो, तो पुसायचे धाडस मात्र तिला होत नाही. तिथे माझा घसा पुन्हा दाटला, मी रुमाल काढला आणि काकूंनी साऱ्या बसला वर्दी दिली, "अहो, हे रडतायत!" पुढच्या आसनावरच्या दोन कॉलेजकुमारांनी वळून पाहिले. कंडक्टरने, मला कोणी गेल्याचा फोन आला असावा या समजुतीने, गर्दीला जरा बाजूला सरकायला सांगितले.

अप्पा बळवंत चौकात काकू उतरल्या. उतरता उतरता त्यांनी मला बजावले, "उद्या हीच बस ना? तोवर पुढे वाचू नका." समोर पुस्तकांची दुकाने ओळीने उघडी होती, त्यांतल्या एकाकडेही न बघता त्या थेट भाजी घ्यायला निघून गेल्या.