पर्सवाली म्हातारी

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

मंडळाच्या यंदाच्या नाटकासाठी मी नाव दिलं होतं. दुपारी दिग्दर्शकाचा फोन. "ताई, बॅकस्टेज आणि चहापाणी तुमच्याकडे! तुम्ही असलात की आम्ही निर्धास्त." अरे बाबा, मी ऑडिशन मागितली होती, थर्मास नाही! वय 54 म्हटल्यावर माझं वाचन ऐकायचीसुद्धा गरज वाटली नाही त्याला.

फोन ठेवला आणि एस्टेल गेटी आठवली. 'द गोल्डन गर्ल्स' या जुन्या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेत म्हाताऱ्या सोफियाचं काम करणारी नटी. खरं तर आधी आई आठवली, मग ती.

2009 च्या हिवाळ्यात आई इथे न्यू जर्सीला आली होती. बाहेर बर्फ, आम्ही दोघं कामावर, घरात ती आणि टीव्ही. इंग्रजी जेमतेम. पण सोफियाने तोंड उघडलं की ही हसायची. "आपल्या वाड्यातल्या काकूच की गं!" एकदा विचारलं, "ही घरातल्या घरात पर्स घेऊन का हिंडते?" मी म्हटलं, असेल काहीतरी विनोद.

तर ही एस्टेल. 1923 चा जन्म, न्यूयॉर्कची. दिवसा ऑफिसात सेक्रेटरीची नोकरी, घरी नवरा आणि दोन मुलगे, आणि उरलेल्या वेळात छोटी छोटी नाटकं. एकदोन वर्षं नाही, दशकानुदशकं. 1982 मध्ये हार्वी फायरस्टीनचं 'टॉर्च साँग ट्रिलॉजी' ब्रॉडवेवर आलं, त्यात समलिंगी मुलाची आई. तेव्हा बाई 58 वर्षांच्या! सोफिया मिळाली 1985 मध्ये, बासष्टाव्या वर्षी. 1988 मध्ये एमी, म्हणजे टीव्हीवरच्या कामाचा मोठा अमेरिकन पुरस्कार. आणि गंमत म्हणजे मालिकेत जिची ती आई झाली, ती बी आर्थर तिच्यापेक्षा वर्षभराने मोठी. पांढरा विग, सुरकुत्यांचा मेकअप, झाली आई! तिला कुणी "तुम्ही चहाचं बघा" म्हटलं असेलही. ती तालमीला जात राहिली.

हो, न्यूयॉर्कमध्ये राहत होती, घरात कमावता नवरा होता, नशीबही लागतं. मान्य. पुढे.

आता जरा राग उतरलाय, म्हणून हेही लिहिते. इतकी वर्षं रंगभूमीवर काढूनही प्रेक्षकांसमोर चित्रीकरण असलं की ती भीतीने गारठायची. वाक्यं विसरायची, मग सेटवर इथेतिथे लिहून ठेवायची. पुढे लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) झाला. 2008 मध्ये गेली, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी असताना. पडद्यावर सोफिया मात्र सगळ्यांना फाडफाड बोलायची. (पक्षाघाताने तिच्या मेंदूतला जीभ आवरणारा भागच गेलाय, असं कथेत आहे. मला आज तेवढाच भाग नको होता फोनवर.)

आमचा दिग्दर्शक पोरगा वाईट नाही. नोकरी सांभाळून रात्री अकरापर्यंत तालमी घेतो. पण ऐकून तरी घे ना रे माझं! नाही जमलं तर तोंडावर सांग.

पर्सचं राहिलं. सोफिया लेकीकडे का येते, तर तिचा वृद्धाश्रम जळालेला असतो. हे मी आईला सांगितलं. आई थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "मग बरोबर आहे. तिचं स्वतःचं काय उरलं? तेवढी पर्सच."

आई जाऊन सहा वर्षं झाली. शेवटी शेवटी तीही पर्स उशाशी घेऊन झोपायची. आत सांगलीच्या घराची किल्ली, एक रुमाल, आणि इथून परत जातानाचा बोर्डिंग पास.

ती मरून रंगाची पर्स माझ्या कपाटात आहे. शनिवारी तालमीच्या हॉलवर तीच घेऊन जाणार आहे, आत दोन पानी स्वगत घालून. चहा ज्याला हवा त्याने करून प्यावा.