मोर्चा कुणाच्या दारात?

७ जून २०२३ च्या सकाळी मी कोपनहेगनच्या गाडीत होतो. राहतो स्वीडनमधल्या माल्मोत, नोकरी डेन्मार्कमध्ये, मधे समुद्रावरचा पूल. गाडी पुलावर असताना कोल्हापूरहून दादाचा फोन आला. "शिवाजी चौकात लई गर्दी झालीया. अश्रुधूर सोडलाय. आई टीव्ही लावून बसलीया, तिच्याशी जरा बोलत बस."

प्रकरण आता बहुतेकांना माहीत आहे. शिवराज्याभिषेकाचं ३५० वं वर्ष सुरू होत होतं आणि त्याच सुमारास काही पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर औरंगजेब आणि टिपूचे स्टेटस ठेवले. त्यांतली काही पोरं तर अल्पवयीन. हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला, चौकात माणूस मावेना, मग दगड, लाठ्या, अश्रुधूर आणि शेवटी इंटरनेट बंद.

त्यातला माझा वाटाही सांगून टाकतो. आदल्या रात्री त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला होता. "काय चाललंय गावात?" एवढं लिहून मी तो आणखी दोन ग्रुपवर पाठवला आणि झोपलो. ज्यानं स्टेटस ठेवला त्याच्या फोनमध्ये असून असून किती नंबर असणार? त्यानं केलेला अपमान घरोघरी पोचवायचं काम माझ्यासारख्यांनी केलं, तेही साडेसहा-सात हजार किलोमीटरवरून, जिथं एकही दगड पोचत नाही.

त्यामुळे "तुला काय जातंय तिकडं बसून बोलायला, आम्हाला हितं ऱ्हायचंय," असं दादा म्हणतो तेव्हा मला उत्तर सुचत नाही. तरी एक गोष्ट बोलतोच. भावना दुखावतात, हे मी नाकारत नाही. संभाजी महाराजांचे हाल करून ज्यानं त्यांना मारलं, त्याचा फोटो कुणी कौतुकानं मिरवला तर कोल्हापूरकराच्या पोटात तिडीक उठणारच, माझ्याही उठली. पण कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा डोळ्यांसमोर येतो. खुद्द औरंगजेब अफाट फौज घेऊन समोर असताना या बाईनं १७०० ते १७०७ झुंज दिली, आणि तो इथंच, दख्खनेत मेला. त्या ताराराणींची गादी सांगणारं शहर एका पोराच्या स्टेटसनं हादरावं?

आंदोलन तर आमच्या गावाच्या रक्तात आहे. टोलविरोधी लढ्यात सगळं शहर रस्त्यावर आलं, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे पुढे होते, आणि शेवटी टोल गेला. (तो जाताना बघायला पानसरे नव्हते, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.) परवाच्या २०२५ मध्ये नांदणी मठाची माधुरी हत्तीण अंबानींच्या वनताराला नेली, तेव्हा तर प्रश्न थेट धार्मिक भावनेचा होता. हत्तीण नेताना पोलिसांच्या गाड्यांवर दगड पडले, हेही खरं. पण नंतर काय झालं? लोकांनी जिओची कार्डं बदलली आणि ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत, जवळजवळ ४५ किलोमीटर, मूक चालत आले. जैनांच्या मठासाठी सगळ्या जातीधर्मांची माणसं चालली.

या मोर्चांत आणि त्या बंदात फरक कशाचा? मला दाराचा वाटतो. टोलचा मोर्चा सरकारच्या आणि कंपनीच्या दारात गेला, हत्तिणीचा कलेक्टरच्या. समोर ताकदवान कुणीतरी होतं, त्याच्याकडे मागणी होती, आणि ती मान्य करायचा अधिकार त्याच्या हातात होता. ७ जूनला मागणी कुणाकडे होती? पोरं पोलिसांच्या ताब्यात गेलेली. दगड पडले ते स्टेटस न ठेवलेल्यांच्या दुकानांवर. वर्षभरानं, १४ जुलै २०२४ ला, हेच पुन्हा झालं. अतिक्रमणाचा वाद विशाळगडावरचा, आणि घरं फुटली पायथ्याच्या गजापुरात.

इकडं सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२३ च्याच जूनच्या २८ तारखेला, बकरी ईदला, स्टॉकहोमच्या मशिदीसमोर सलवान मोमिका नावाच्या इराकी निर्वासितानं कुराण जाळलं. त्याआधी पोलिसांनी अशा दोन निदर्शनांना परवानगी नाकारली होती, पण तो नकारच बेकायदा असल्याचं न्यायालयांनी ठरवलं. मोमिकावर खटला चालला आणि निकालाच्या आदल्या दिवशी, २९ जानेवारी २०२५ ला, त्याचा गोळ्या घालून खून झाला. ही बातमी वाचली तेव्हा मला पानसरे आठवले. दोघांची कसलीच तुलना नाही, पण बोलणाऱ्याला गोळीनं गप्प करणारे सगळीकडे भेटतात.

आणि राजकारण? ते इथं उघड्यावर चालतं. रासमुस पालुदान नावाच्या पुढाऱ्यानं २०२२ च्या ईस्टरला, ऐन रमजानात, मुस्लिम वस्त्या निवडून कुराण जाळायचा दौरा काढला. संसदेसमोर नाही, वस्त्यांत. दंगली झाल्या, शंभरहून जास्त पोलीस जखमी झाले. सप्टेंबरच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला अख्ख्या देशात दोनशे मतंही पडली नाहीत. तरी जानेवारी २०२३ मध्ये तो तुर्की वकिलातीजवळ पुन्हा कुराण घेऊन उभा. निदर्शनाच्या अर्जाची ३२० क्रोनर फी एका पत्रकारानं भरलेली! तिकडं मे महिन्यात एर्दोगान यांची निवडणूक. स्वीडनचा नाटोप्रवेश अडवून धरायला त्यांना आयतं कारण मिळालं. एकाच काडीवर इतक्या जणांनी हात शेकून घेतले.

पुलापलीकडच्या डेन्मार्कनं २०१७ मध्ये ईश्वरनिंदेचं कलम रद्द केलं होतं. ७ डिसेंबर २०२३ ला त्यांच्या संसदेनं ९४ विरुद्ध ७७ मतांनी धर्मग्रंथांची जाहीर विटंबना हा पुन्हा गुन्हा केला. म्हणजे मी रोज ज्या गाडीनं जातो, तिच्या एका टोकाला जे फक्त ओंगळ ठरू शकतं, ते दुसऱ्या टोकाला तुरुंगात नेऊ शकतं. कोणता देश बरोबर, मला ठरवता येत नाही. माझा कल स्वीडनकडे आहे, पण मशिदीसमोर उभं राहायचं स्वातंत्र्य मला नेहमी जरा भेकड वाटतं.

आपल्याकडचा कायदा लोक समजतात तितका ढिला नाही. १९२७ पासूनचं २९५ अ, आता न्याय संहितेतलं २९९, 'जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतू' मागतं. नुसतं कुणाचं मन दुखलं म्हणून भागत नाही. दोन गटांत वैर पसरवण्याच्या १५३ अ कलमाचं उदाहरण तर आमच्याच जिल्ह्यातलं आहे. हातकणंगल्यात एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गुन्हा नोंदला गेला. ५ ऑगस्टला त्यानं जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ ला तो रद्द केला. (योगायोग असा की त्याच दिवशी स्वीडन नाटोत गेला.) शब्दांचा परिणाम मोजायचा तो समजूतदार, खंबीर माणसावरचा, कमकुवत मनाच्या माणसावरचा नव्हे, हे सूत्र त्या निकालात आहे. आपल्या चौकात माप उलटं धरतात. जो सगळ्यात आधी दुखावतो, तो सगळ्यांच्या वतीनं दुखावतो.

आणि हे कुठल्या गावात? जिथं मोहरमात बाबूजमाल तालमीचा पंजा बघायला आई आम्हाला हाताला धरून न्यायची. ज्या जिल्ह्यात कागलकर १९९९ पासून हसन मुश्रीफांना निवडून देतायत. बाकी शाहू महाराजांचं नाव मी इथं घेत नाही. बंदच्या दिवशी दोन्ही बाजूंनी ते पुरेसं घेतलं जातं.

गेल्या डिसेंबरात घरी गेलो होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळवाले चाचा बसतात. त्या ७ जूनला त्यांचा आंब्यांचा गाडा उलटवला होता. दादा म्हणाला, "त्यांच्याकडं बटनाचा फोन हाय. स्टेटस म्हंजे काय त्यांला अजून ठावं न्हाई." त्या स्क्रीनशॉटबद्दल त्यांना काहीतरी सांगावं, असं मनात धरून मी गाड्यापाशी गेलो. चाचांनी तराजू उचलला आणि विचारलं, "किती देऊ?"

दोन किलो पेरू घेतले. आमच्या घरात पेरू कुणी खात नाही.