द्वारकेच्या टाकीचं सेन्सॉर

आमच्या सोसायटीच्या गणपतीत पाचव्या दिवशी नाटक असतं. ते लिहायचं काम माझ्याकडे येतं, कारण बाकीच्यांना वर्गणी काढता येते, माइक जोडता येतो, निदान मोदक तरी वळता येतात. या वर्षी मी मुद्दाम पौराणिक विषय घेतला. द्वारकेत पाण्याची बोंब, टाकी गळतेय, आणि प्रधान अक्रूर राजवाड्याच्या रंगकामाच्या कोटेशनांत बुडालेला. आमच्या सोसायटीशी याचा काय संबंध? द्वारकेची टाकी सोन्याची होती.

हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेला उतरतात तेव्हा संहिता आधी ‘सेन्सॉर करून’ घेतात. म्हणजे ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि तिथून प्रमाणपत्र येतं. मंडळाचं नाव एका दमात म्हणता आलं की नटाची अर्धी तालीम झालीच म्हणायची. आमच्याकडे हे सगळं कमिटीच उरकते. वाचन सोसायटीच्या ऑफिसात झालं. बटाटेवडे माझ्या खर्चाने.

पहिला आक्षेप खजिनदारांचा. “कृतवर्म्याचा हिशेब जुळत नाही, असं का लिहिलंय?”

“अहो, महाभारतातलं पात्र आहे ते.”

“असेल. पण आपलं ऑडिट व्हायचंय अजून.”

महिला मंडळाच्या अध्यक्षांना ‘मेल्या’ हा शब्द खटकला. पोरं ऐकतात म्हणे. त्यांनी ‘महोदय’ सुचवला. त्यामुळे आमची सत्यभामा पाणक्याला कडाडून म्हणणार होती, “महोदय, तुझं मडकं फुटो!” मला ते मूळ वाक्यापेक्षा आवडलं, पण लेखकाने एवढ्या लवकर खूश दिसू नये.

सेक्रेटरी मात्र गप्प. पाय हलवत वाचत होते. मग एका पानावर थांबले.

“प्रधान बसल्या बसल्या पाय हलवतो, असं कंसात का लिहिलंय?”

सगळ्यांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय थांबला.

“प्रधान बेचैन आहे, एवढंच दाखवायचंय.”

“हा मी नाही ना?”

“छे छे!”

“मग काढून टाका.”

असले लोक नाटककार खाडिलकरांच्याही वाट्याला आले होते. त्यांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं. त्यात विराटाचा दरबार आहे, सैरंध्री आहे, भीम आहे; माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव औषधालाही नाही. तरी पिटातल्या प्रेक्षकाला कीचकात कर्झन दिसला, सैरंध्रीत परतंत्र देश दिसला. पुढे सरकारलाही दिसला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. मला यात सरकारची कीव येते. बंदी घालायची तर आधी मान्य करायला लागतं, की हा बायकांच्या वाटेला जाणारा मस्तवाल इसम आमच्यापैकीच दिसतोय. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. ओळ न् ओळ, कंसासकट, वाचतो तो सेन्सॉरच. इतका मन लावून वाचणारा वाचक मला आजवर दुसरा मिळालेला नाही; माझ्या घरीसुद्धा नाही.

कोर्टात जायचं म्हणाल, तर दिग्दर्शक कमलाकर सारंग तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकासाठी सेन्सॉरविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते आणि जिंकलेही. पण माझी पार्किंगची जागा कमिटीच्या हातात आहे.

तेव्हा मी कट मान्य केले. फक्त प्रधान झालेल्या पोराला आणीबाणीची गोष्ट सांगितली. 1975 मध्ये वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप आली, तेव्हा काहींनी अग्रलेखाची जागा सरळ कोरी सोडली होती. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, इतिहासाशी त्याचा संबंध नाही, पण त्याला नेमकं कळलं.

प्रयोगाच्या दिवशी पहिला कट आला तसा तो थांबला. प्रेक्षकांकडे पाहिलं. खोकला. दोन-चार जण हसले. दुसऱ्या कटाला तो नुसता टाकीकडे बघत राहिला आणि मांडव गडगडला. मी लिहिलेल्या वाक्याला एवढा हशा आला नसता, हे मी फक्त इथेच सांगतोय. तिसऱ्या कटाला पुढच्या रांगेतल्या पोरांना दम निघेना. गच्चीवरच्या तालमी बघून त्यांचं सगळं पाठ होतं. नट गप्प झाला की ती ओरडून मोकळी जागा भरायला लागली. ‘मेल्या’सकट, आणि तो तर नको तिथेही.

एका पोराने रंगकामाच्या कोटेशनचं वाक्य अर्धवटच म्हटलं. मागून बाईचा स्वच्छ आवाज आला, “अरे, ‘कमिशनसह’ राहिलं!” वळून पाहिलं तर सेक्रेटरींच्या मिसेस.

सेक्रेटरी आरतीला आले, प्रसाद घेतला, माझ्या हातावरही ठेवला. मग म्हणाले, “पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा ठेवू. गाण्यांची यादी आधी दाखवा.”