उंट, शेळ्या आणि घोकंपट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

बुद्धिबळात ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ न करता कसं सुधारावं, यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय : ‘आळशी खेळाडूंना खूश करायला उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. नुसत्या तत्त्वांवर खेळणारा फ्राइड लिव्हरमध्ये मरतो. आणि लंडनमध्ये काळ्याचा वजीर बी ६ वर आला की काय करायचं, ते लेखात कुठेच नाही.’ (फ्राइड लिव्हर म्हणजे घोड्याचा बळी देऊन काळ्याच्या राजावर केलेला हल्ला, लंडन ही पांढऱ्याची एक ओपनिंग, आणि बी ६, एफ ७ ही पटावरच्या घरांची नावं.)

आधी चूक कबूल करतो. फ्राइड लिव्हरमध्ये एफ ७ वर घोड्याचा बळी सहाव्या चालीला पडतो, मी सातव्या लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभारी आहे.

आता त्या शेळ्या. महोदय, मला राग आलेला नाही. पण ‘आळशी’ हा शब्द तुम्ही कुणाला उद्देशून वापरताय, याचा जरा विचार केला असतात तर बरं झालं असतं. नोकरी सांभाळून रात्री दोन डाव खेळणारा माणूस आळशी? पाठांतराचं ओझं नको म्हणून खुद्द माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९९६ साली मागच्या रांगेतली मोहरी ९६० प्रकारे मांडायचा खेळ पुढे आणला. तोही आळशीच म्हणायचा का?

आणि घोकंपट्टी मी केलेली नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलंत? नायडॉर्फच्या, म्हणजे सिसिलियन बचावातल्या एका प्रकाराच्या, अठरा चाली मला झोपेत येत होत्या. एका स्पर्धेत काळ्या मोहऱ्या आल्या. त्याचं प्यादं ई ४, माझं सी ५. समोरच्याने दुसऱ्याच चालीला प्यादं सी ३ वर सरकवलं आणि माझी वही तिथेच मिटली. पंचवीस मिनिटं नुसता पटाकडे बघत बसलो. हरलो, हे सांगायला नकोच.

घरी येऊन पट मांडला तेव्हा कळलं. सी ३ वर पांढऱ्याचं प्यादं आहे, म्हणजे त्याच्या वजिराकडच्या घोड्याचं हक्काचं घर गेलं. मग मी लगेच डी ५ खेळावं. त्याने प्यादं मारलं की मी वजिराने परत मारावं. त्या वजिराला हुसकायला घोडा सी ३ वर येऊच शकत नाही. ही चाल मी पाठ केलेली नाही, पण आजतागायत विसरलेलोही नाही. लेखात मी हेच म्हणत होतो. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात की नाही, देव जाणे.

राहता राहिला फ्राइड लिव्हर. हो, तिथे काळ्याने पाचव्या चालीला डी ५ वरचं प्यादं घोड्याने मारायचं नाही, दुसरा घोडा ए ५ वर न्यायचा, हे माहीत असावं लागतं. तो प्याद्याच्या तोंडातून सुटतो आणि वर सी ४ वरच्या उंटावर चालून जातो. पण एक चाल लक्षात ठेवणं म्हणजे पाठांतर नव्हे. निदान मी तरी त्याला पाठांतर म्हणत नाही.

लंडनमधल्या वजीर बी ६ बद्दल : पांढऱ्याचा उंट सी १ वरून निघाला की बी २ वरचं प्यादं उघडं पडतं, एवढं ठाऊक असलेल्याला पुढचं सुचतं. त्यावर सविस्तर लिहायचं माझ्या मनात आधीपासूनच होतं. तुमच्या प्रतिक्रियेमुळे लिहितोय, असं कृपया समजू नका.