घरची फिल्टर कॉफी पातळ का होते?

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या कट्ट्यावर वाद पेटला तो गजूच्या एका वाक्यावरून. "फिल्टर आहे, पूड महागातली आहे, तरी घरची कॉफी हॉटेलातल्यासारखी होईना."

मास्तरांचं उत्तर तयारच होतं. "पुडीत चिकोरी असणार. शुद्ध कॉफी आण, प्रश्न मिटला."

"मास्तर, हॉटेलातल्या पुडीतबी चिकोरी असतीच की," अण्णा म्हणाले. अण्णांचं आयुष्य हॉटेलच्या भट्टीपुढे गेलंय, त्यामुळे कॉफीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं सहसा कुणी खोडत नाही. "ती काढली तर ह्याची कॉफी अजून पातळ लागेल."

मास्तर अडून बसले. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नाही, मग ती कॉफीच्या भावानं का घ्यायची? हा मुद्दा खराच आहे. पण अण्णांचाही खोटा नाही. कॉफीच्या पुडीतलं जेमतेम पंचवीस ते तीस टक्के पाण्यात उतरतं, चिकोरीतलं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून थोड्या चिकोरीनं डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या अर्काला, रंग येतो, दाटपणा येतो आणि दूध घातल्यावर चव मागे राहत नाही. काळी कॉफी पिणाऱ्यानं चिकोरीच्या वाटेला जाऊ नये. दुधाची पिणाऱ्याला 80:20 ची, म्हणजे 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरीची पूड सोयीची. 60:40 च्या पुढे मात्र तोंडात गुळचट कडूपणा राहतो आणि कॉफीचा वास शोधावा लागतो.

"पाकिटावर वाच की आधी," शोभाताई गजूला म्हणाल्या. मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असली पाहिजे आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलं पाहिजे, असा नियम आहे. सुट्या पुडीवर छापलेलं काही नसतं, म्हणून ताईंनी चहावाल्याकडून काचेचा ग्लास आणि थंड पाणी मागवलं. गजूच्या पिशवीत पूड होतीच. चिमूटभर वरून भुरभुरली. काही कण पाण्यावर तरंगत राहिले, बाकीचे लगेच खाली निघाले आणि प्रत्येकामागे तांबूस रेघ ओढली गेली. तरंगते ती कॉफी, तिच्यात तेल असतं. रंग सोडत बुडते ती चिकोरी. यातून चिकोरी आहे की नाही ते कळतं, किती टक्के ते कळत नाही. पण गजूच्या ग्लासात तळाचा रंग असा दाट उतरला की मास्तरांनी नुसतं बोट दाखवलं.

अण्णा तरी आपलंच धरून होते. "पूड बदल, पण आधी सांग, पाणी किती घालतोस?"

"फिल्टर भरून."

"मग पातळ होणारच की मर्दा!"

इथून खरी चर्चा सुरू झाली. अण्णांचं प्रमाण असं: तीन छोट्या ग्लासांना 20 ग्रॅम पूड, म्हणजे पोह्याचे तीन चमचे शीग लावून, आणि 150 मिली पाणी. पूड स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली 110 मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळतं. एका ग्लासाला 35 मिली डिकॉक्शन आणि 80 ते 90 मिली दूध. हॉटेलात 100 ग्रॅमला 700 मिली पाणी घालून 500 मिली काढतात, म्हणजे हिशोब तोच, फक्त स्टीलच्या फिल्टरऐवजी कापडी गाळणी. ते कापड साबणानं धुवायचं नाही, गरम पाण्यात उकळून पाण्यातच ठेवायचं. वाळलं की जुन्या तेलाचा खवट वास पुढच्या कॉफीत उतरतो.

घरच्या फिल्टरची कृती ताईंनी सांगितली. वरचं भोकांचं भांडं कोरडं हवं. पूड घालून हलकेच सपाट करायची, दांडीची चकती तिच्यावर नुसती टेकवायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं. आधी दोन चमचे पाणी पुडीवर सगळीकडे फिरवायचं. ताजी पूड फुगते, बुडबुडे येतात. नुसती ओली होऊन बसली तर पूड शिळी. मग उरलेलं पाणी कडेनं हळू ओतायचं, झाकण ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही.

"माझं पाच मिनिटांत उतरतंय," गजू म्हणाला.

म्हणजे पूड भरड आहे किंवा चकती तिरकी बसलीय. पाणी एका बाजूनं वाट काढून निघून जातं, बाकीची पूड आतून कोरडी राहते. उलट, अर्ध्या तासानंही थेंब पडेना तर कारणं तीन. पूड पिठासारखी बारीक, चिकोरी जास्त (ती पाण्यात फुगून चिकट होते), नाहीतर वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसलेलं की खालच्या हवेला बाहेर यायला जागा नाही. शेवटचं सगळ्यात सोपं: वरचं भांडं केसभर उचलून पुन्हा ठेवायचं, धार लगेच सुरू होते. चकतीनं दाबून उतरवायचा मोह मात्र टाळायचा. दाबलं की गाळ खाली येतो.

भोकं बुजली असतील तर भांडं उजेडाकडे धरून बघायचं. आंधळी दिसतात ती भोकं सुईनं मोकळी करायची नाहीत, मोठी होतात. खाण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात रात्रभर भिजवून ब्रश मारायचा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर सोड्याऐवजी लिंबूसत्त्व. आणि ज्या घरात बोअरचंच पाणी आहे तिथं कॉफीपुरतं तरी नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्यावं. जड पाण्यात कॉफीचा आंबटगोडपणा मरतो, उरतो तो खडूसारखा कोरडेपणा.

मास्तर दुधाकडे वळले आणि इथं त्यांचं सगळ्यांनी ऐकलं. बेळगावात म्हशीच्या दुधाचं फार कौतुक. पण साय जिभेवर पसरते आणि हलकी भाजलेली अरेबिका, म्हणजे कॉफीची सौम्य जात, तिच्याखाली दबून जाते. म्हशीचं दूध वापरायचं तर डिकॉक्शन 45 मिलीपर्यंत न्या, नाहीतर मिश्रणात तीस टक्के रोबस्टा ही कडक जात घ्या. तिचा कडूपणा दुधाला पुरून उरतो. पिशवीचं घेणाऱ्यांनी साडेचार टक्के स्निग्धांशाचं घ्यावं. तीन टक्क्यांचं पाणचट लागतं, सहाचं परत सायीकडे जातं. दूध एकदाच उकळायचं. सकाळचं तापवलेलं दूध चारला परत उकळलं की त्याला शिजका वास येतो, पूड कितीही चांगली असली तरी. आणि डिकॉक्शन कधीही उकळायचं नाही. ग्लासात साखर, तिच्यावर डिकॉक्शन, वरून कढत दूध, मग वाटीत-ग्लासात दोनदा वरखाली. जास्त वेळा ओतलं की फेस छान दिसतो, पण कॉफी कोमट होते.

"मग पूड घ्यायची कुठं?" यावर पुन्हा दोन तट पडले. अण्णा म्हणाले, भाजून, डोळ्यांसमोर दळून देणारं दुकान गाठा आणि तीनच गोष्टी विचारा: कधी भाजली, बिया कुठल्या, चिकोरी किती. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. मास्तरांचा कल थेट मळ्याकडे. पूर्वी मळेवाल्याला आपली कॉफी कॉफी बोर्डाकडे द्यावी लागे. ते बंधन टप्प्याटप्प्यानं सुटत 1996 पर्यंत संपलं, म्हणून आज चिक्कमगळूर, कोडगू, हासनचे मळे स्वतःच्या नावानं भाजलेल्या बिया घरपोच पाठवतात. पाकिटावरची भाषा तेवढी समजली पाहिजे. 'प्लांटेशन' म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली, 'पार्चमेंट' म्हणजे धुतलेली रोबस्टा. 'पीबेरी'त फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी असते. गोल असल्यानं ती भाजताना सगळीकडून सारखी भाजते. निम्मी प्लांटेशन ए ('ए' ही बियांच्या आकाराची प्रत), निम्मी पीबेरी हे मिश्रण सुरुवातीला चांगलं. माझं मत विचाराल तर दुकान जवळ असेल तर अण्णांचं ऐकावं, कारण दळण ताजं मिळणं हे मळ्याच्या नावापेक्षा मोठं. घरी दळायची सोय असेल तर मास्तरांचं.

कुठूनही घ्या, एका वेळी पाव किलोच घ्या. रोज 20 ग्रॅम धरले तर बारा दिवस. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवून रोज उघडबंद केली की पुडीला ओल धरते.

बाहेर प्यायची तर वेळ सकाळी सातची, पहिलं डिकॉक्शन उतरतं तेव्हा. दुपारी चारला तेच डिकॉक्शन गरम पाण्यात ठेवून ठेवून काळवंडलेलं असतं. गर्दीच्या हॉटेलात जावं, तिथं दिवसातून दोन-तीनदा नवं काढावं लागतं. 'बाय टू', म्हणजे एक कॉफी दोन ग्लासांत, सांगायचं असेल तर 'स्ट्राँग' म्हणायला विसरू नये, नाहीतर दोन ग्लास भरायला वरून दूधच जास्त पडतं.

गजूनं शेवटी मोका पॉटचं काढलं (गॅसवर ठेवायचं भांडं, वाफेच्या दाबानं पाणी पुडीतून वर चढतं), पाच मिनिटांत होतं म्हणून. होतं, पण त्यात फिल्टरची बारीक चिकोरीवाली पूड घालायची नाही. जाळी तुंबते आणि वाफ झडपेवर येते. चिकोरीशिवायची, जरा जाड पूड, न दाबता, पाणी झडपेच्या खाली. गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवायचं.

"त्यापेक्षा घरचा पितळी फिल्टर काढ की," ताई म्हणाल्या.

"कल्हई आहे का त्याला?" अण्णांनी विचारलं. गजूला माहीत नव्हतं. "मग आधी कल्हई लाव. कॉफी आंबट असती, उघड्या पितळेत ठेवायची नसती. तवर स्टीलच्यात 20 ग्रॅम, 150 पाणी, 80:20."

"90:10," मास्तर म्हणाले.